मुलीच्या वडिलांनी ताबा मागितला आहे. प्रतिपालक म्हणून कोर्टात आमची जागा काय?

प्रश्न थोडक्यात असा. बालकल्याण समितीच्या आदेशाने साडेसात वर्षांची एक मुलगी या दांपत्याकडे प्रतिपालनासाठी, म्हणजे फॉस्टर केअरमध्ये, आली. तिची आई वारली होती आणि वडील व्यसनात बुडालेले होते. आज ती अकरा वर्षांची आहे. वडील आता सावरल्याचे सांगतात. त्यांनी दुसरे लग्न केले आहे आणि मुलीच्या ताब्यासाठी कौटुंबिक न्यायालयात अर्ज केला आहे. अर्जात शासन आणि समिती सामनेवाले आहेत, पण मुलगी ज्यांच्या घरात राहते त्यांचे नाव कुठेच नाही. ताई विचारतात, "या केसमध्ये आम्ही कोण? आम्हाला बोलता येईल का? आणि मुलगी आमच्याकडे राहील का?"

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर मिळेपर्यंत बाकी काही डोक्यात शिरत नाही. वडील खरोखर सावरले असतील आणि तसे दाखवू शकले, तर मुलगी त्यांच्याकडे जाण्याची शक्यता जास्त आहे. सावरले नसतील तर ती तुमच्याकडे राहण्याची शक्यता चांगली आहे. म्हणजे निकाल ठरणार तो मुख्यतः वडिलांच्या स्थितीवर आणि मुलीच्या गरजेवर. तुम्ही किती मायेने सांभाळले याचे वजन पडते, पण ते तिसऱ्या क्रमांकावर. हे ऐकायला कडू आहे. तरी हे मान्य करून कोर्टात उभे राहिलेले प्रतिपालक मुलासाठी काहीतरी मिळवून येतात. 'आमचा हक्क' म्हणून गेलेले बहुतेकदा पहिल्याच तारखेला न्यायाधीशांची सहानुभूती घालवतात.

आता तुम्ही कोण, ते पाहू. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४४ खाली समितीने मूल तुमच्याकडे ठेवले आहे. या कलमात तुमच्या जबाबदाऱ्या स्पष्ट आहेत: मुलाचे शिक्षण, आरोग्य आणि पोषण. तुमच्या घराची निवड, दरमहा पाहणी, शासनाचे मासिक अनुदान यांचाही उल्लेख आहे. 'प्रतिपालकांचा हक्क' असे मात्र तिथे काही सापडणार नाही. उलट पाचवे उपकलम सांगते की आई-वडील अपात्र किंवा असमर्थ ठरल्यामुळे मूल प्रतिपालनात गेले असेल तर त्यांना ठरावीक काळाने मुलाला भेटता येते. भेट मुलाच्या हिताची नाही असे समितीला वाटले तर कारणे नोंदवून ती नाकारता येते. पुढे समितीने आई-वडिलांना सक्षम ठरवले की मूल घरी परतू शकते, असेही त्यात आहे. वडिलांचे वकील कोर्टात सर्वात आधी हेच उपकलम वाचून दाखवतील, त्यामुळे तुम्ही ते आधी स्वतः वाचा.

थोडक्यात, कायद्याच्या नजरेत तुम्ही नैसर्गिक पालक नाही, कोर्टाने नेमलेले पालक नाही आणि दत्तक पालकही नाही. तुम्ही समितीने निवडलेले आणि समितीच्या देखरेखीखाली काम करणारे सांभाळकर्ते आहात. तरीही मूल तुमच्याकडे बेकायदा नाही, एका सक्षम प्राधिकरणाच्या लेखी आदेशाने आहे. समितीला कलम २७ प्रमाणे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात, म्हणून तो आदेश साधा सरकारी कागद समजू नका. तुमची सगळी बाजू त्यावर उभी आहे.

म्हणून पहिले काम: तो आदेश कपाटातून काढा आणि त्यावरची मुदत पाहा. प्रतिपालनाचा आदेश ठरावीक काळासाठी असतो आणि आढावा घेऊन वाढवला जातो. माझ्याकडे येणाऱ्या प्रकरणांत हमखास दिसणारी गोष्ट म्हणजे मूळ आदेशाची मुदत कधीच संपलेली असते. समितीचे सदस्य बदललेले असतात, जिल्हा बाल संरक्षण कक्षातला माणूस बदललेला असतो, आणि 'मुलगी आहेच की त्यांच्याकडे' म्हणून सगळे गप्प असतात. शांततेच्या काळात याने काही बिघडत नाही. ताब्याचा अर्ज आला की समोरचा वकील विचारतो, "यांच्याकडे मुलगी कोणत्या आदेशाने आहे?" तुमचीही मुदत संपली असेल तर आजच मुदतवाढीचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

दुसरा प्रश्न, बोलता येईल का. येईल, पण मागावे लागेल. इथे दोन दारे आहेत.

पहिले दार पालक व पाल्य अधिनियम १८९० चे. पालकत्वाचा अर्ज करताना मूल सध्या कोणाच्या ताब्यात आहे हे अर्जातच लिहावे लागते (कलम १०), आणि अर्जात ज्याचा ताबा दाखवला आहे त्या व्यक्तीला न्यायालयाने नोटीस काढायची असते (कलम ११). वडिलांनी अर्जात काय लिहिले आहे ते वाचा. मुलगी 'शासनाच्या ताब्यात' आहे असे लिहिले असेल तर ते अर्धसत्य आहे. समिती कागदावर आहे, मुलगी तुमच्या घरात आहे. ही त्रुटी न्यायालयाच्या नजरेला आणून देणे हाच तुमचा प्रवेश. त्याला आधार म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १, नियम १० खाली पक्षकार करून घेण्याचा अर्ज देता येतो, कारण कौटुंबिक न्यायालयांना दिवाणी प्रक्रिया लागू आहे.

या अर्जात काय मागायचे, हा खरा कौशल्याचा भाग. काही वकील थेट 'आम्हाला ताबा द्या' असा प्रतिदावा करतात. मी तसे करत नाही. प्रतिपालन स्वीकारताना तुम्ही हमीपत्र दिलेले असते, आणि समिती सांगेल तेव्हा मूल परत करण्याची तयारी या व्यवस्थेत गृहीतच असते. अशा माणसाने ताबा मागितला की समोरून 'यांना लोकसच नाही', म्हणजे असा अर्ज करण्याचा अधिकारच नाही, हा आक्षेप येतो आणि सगळी चर्चा त्यावरच संपते. त्याऐवजी मी असे लिहितो: अर्जदार कोणताही स्वतंत्र हक्क सांगत नाहीत. मुलगी अमुक तारखेपासून समितीच्या आदेशाने त्यांच्या घरी आहे. तिची शाळा, प्रकृती, मनःस्थिती आणि वडिलांच्या भेटी यांची प्रत्यक्ष माहिती फक्त त्यांच्याकडे आहे. ती माहिती आल्याशिवाय मुलीच्या हिताचा निर्णय अपुरा राहील. म्हणून त्यांना योग्य पक्षकार करावे, आणि ते शक्य नसेल तर किमान हस्तक्षेप करून म्हणणे दाखल करण्याची परवानगी द्यावी. अशा अर्जाला सरळ नकार देणे कोणत्याही न्यायाधीशाला अवघड जाते, कारण त्यात मागणी तुमची नसून मुलीची आहे.

दुसरे दार बालकल्याण समितीचे, आणि माझ्या मते तुमच्या बाबतीत हेच मोठे आहे. वडील सक्षम झाले की नाहीत हे ठरवण्याचे काम कलम ४४(५) ने समितीला दिले आहे. त्यामुळे कौटुंबिक न्यायालयात तुमचा पहिला मुद्दा असा असावा की वडिलांनी आधी समितीकडे जावे, किंवा निदान समितीचा सविस्तर अहवाल मागवल्याशिवाय अंतरिम आदेश होऊ नये. समितीपुढे मात्र तुम्ही उपरे नाही. तुम्हीच मुलीला तिथे हजर करता, तुमचे म्हणणे लेखी देता येते, आणि मुलीला स्वतःचे म्हणणे मांडण्याचा हक्क बाल न्याय अधिनियमाच्या कलम ३ मधल्या तत्त्वांतच आहे. पण तोंडी बोलून येऊ नका. समितीच्या बैठकीत बोललेले हवेत विरते. दोन पानांचे निवेदन द्या, त्यात नवा सामाजिक तपासणी अहवाल मागा, आणि वडिलांच्या घरी जाऊन पाहणी व्हावी, नव्या आईशीही बोलले जावे अशी विनंती करा. नव्या आईकडे कोणी वळून पाहत नाही. अकरा वर्षांची मुलगी ज्या बाईच्या घरात जाणार ती बाई अहवालात एका ओळीपुरतीही नसते, हे मी वारंवार पाहिले आहे.

समितीचा आदेश विरोधात गेला तर? इथे भल्या भल्या वकिलांची गफलत होते. समितीच्या बहुतेक आदेशांवर अपील बाल न्यायालयात होते. मात्र प्रतिपालनाबाबतच्या निर्णयावर ते जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे, करायचे असते. त्याच अधिनियमाच्या कलम १०१ मध्ये तसा अपवाद आहे आणि मुदत ३० दिवसांची आहे. आदेश 'मूल वडिलांकडे परत द्या' असा असेल तर तो प्रतिपालनाचा निर्णय की पुनर्स्थापनेचा (मूल मूळ कुटुंबात परत देण्याचा), असा वाद निघू शकतो. अशा वेळी मुदत वाया जाऊ न देता अपील दाखल करणे आणि त्यातच अधिकारक्षेत्राचा मुद्दा लिहून ठेवणे शहाणपणाचे. शिवाय कलम १०२ प्रमाणे उच्च न्यायालय समितीच्या कामकाजाचे कागद मागवून तपासू शकते. आदेश कारणांशिवाय झाला असेल, किंवा मुलीला विचारलेच नसेल, तर हा मार्ग उपयोगी पडतो. आदेश लेखी आणि कारणांसह मागा, प्रमाणित प्रत घ्या. प्रत हाती नसताना अपील कसले करणार?

आणखी एक शक्यता मनात असू द्या. वडील थेट उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची, म्हणजे बेकायदा ताब्यातल्या व्यक्तीला न्यायालयापुढे हजर करा अशी, याचिका करू शकतात. २०१९ मध्ये तेजस्विनी गौड प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की कायदेशीर अधिकार नसलेल्या व्यक्तीकडे मूल असेल तर अशी याचिका चालते. त्या प्रकरणात आई कर्करोगाने गेली होती, वडील स्वतः गंभीर आजारी पडले होते, आणि त्या काळात लहान मुलगी आईच्या भावंडांकडे होती. बरे झाल्यावर वडिलांनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली, मुलगी त्यांना मिळाली आणि सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. हा निकाल तुमच्यावर फेकला जाईल. उत्तर सरळ आहे: तिथे मामा-मावशीकडे कोणताही आदेश नव्हता, तुमच्याकडे समितीचा आहे. म्हणूनच त्या मुदतवाढीसाठी मी एवढा आग्रह धरतो.

ताब्याच्या बाकीच्या निकालांबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण नेटवर त्यातले एखादे वाक्य उचलून लोक एकतर घाबरतात किंवा हुरळून जातात. मुलाचे हित सर्वोपरी हे तत्त्व हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम १९५६ च्या कलम १३ मध्येच आहे. मूल ही मालमत्ता नाही हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ च्या रोझी जेकब निकालात सांगितले. पुढे २००८ च्या नील रतन कुंडू प्रकरणात आई मरण पावली होती, वडिलांवर त्या मृत्यूसंबंधी फौजदारी खटला होता आणि मुलगा आजी-आजोबांकडे होता. खालच्या न्यायालयांनी ताबा वडिलांना दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. मुलाने वडिलांकडे जायला नकार दिला होता, आणि खटल्याच्या गांभीर्याकडे खालच्या न्यायालयांनी पुरेसे पाहिले नव्हते. २०२४ मध्ये शाझिया अमन खान प्रकरणात जन्मदात्यांनी तान्हेपणी नातेवाइकांच्या हाती दिलेली मुलगी किशोरवयीन झाली होती. तिचे स्थैर्य आणि तिची इच्छा पाहून न्यायालयाने तिला वाढवणाऱ्यांकडेच ठेवले. त्याच वर्षी गौतम कुमार दास प्रकरणात मात्र उलट झाले. करोनाकाळात आई गेली, मुलगी मावश्यांकडे होती, आणि न्यायालयाने सांगितले की दुर्दैवी परिस्थितीत तात्पुरते सोपवले आणि काही वर्षे सांभाळले एवढ्यावर नैसर्गिक पालकाला ताबा नाकारता येत नाही.

हे निकाल एकमेकांविरुद्ध वाटतात, पण बारकाईने वाचले तर न्यायालय दर वेळी साधारण तेच पाहत असते. मूल दूर गेले ते पालकाच्या दोषाने की नियतीने? दूर असताना पालक काय करत होता, भेटत होता का, विचारपूस करत होता का? मूल किती मोठे आहे आणि स्वतः काय म्हणते? घराबाहेरची वर्षे दोन्ही बाजूंना तात्पुरती वाटत होती, की मूल तिथे रुजले होते? तुमच्या प्रकरणात दोष वडिलांचा होता, हे तुमच्या बाजूचे. मुलगी अकरा वर्षांची आहे, हेही तुमच्या बाजूचे. पण प्रतिपालन मुळातच तात्पुरते, हे वडिलांच्या बाजूचे. राहता राहिला मधला प्रश्न: या वर्षांत वडील भेटायला आले का? त्याचे उत्तर केस कोणत्या अंगाला झुकेल ते ठरवेल, आणि ते मला तुमच्या पत्रातून कळलेले नाही.

म्हणून भेटींची नोंद. तारीख, वेळ, कोण आले, किती वेळ थांबले, ठरवून न आलेले दिवस, आणि नंतर मुलगी कशी होती. चांगल्या भेटीही लिहा. 'वडिलांनी वही-पेन्सिल आणली, दोघे तासभर गप्पा मारत बसले' असे पान तुमच्या वहीत असेल तर 'नंतर दोन रात्री झोपली नाही' या पानावर न्यायाधीश विश्वास ठेवतात. नुसत्या तक्रारींची वही ही तयार केलेली वही आहे, हे त्यांना दुरून कळते. शाळेचे निकालपत्र, हजेरी, डॉक्टरांची फाइल, समुपदेशन झाले असेल तर त्याच्या तारखा, मासिक पाहणीचे अहवाल: सगळे क्रमाने लावा. अनुदानाचा हिशेबही ठेवा. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेत मुलामागे दरमहा ४,००० रुपये मिळतात, आणि 'पैशासाठी सांभाळतात' असा आरोप उलटतपासणीत होतोच. त्यावर संतापण्यापेक्षा पासबुक पुढे करणे बरे.

आता काय करू नये. वडिलांच्या भेटी कधीही अडवू नका. मुलगी आजारी असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी जोडून समितीला कळवा आणि पर्यायी दिवस सुचवा. अडवलेली एक भेट समोरचा वकील वर्षभर वाजवतो. मुलीला पढवू नका. न्यायाधीश तिला बहुधा चेंबरमध्ये एकटीला बोलावतील. पालक व पाल्य कायद्याच्या कलम १७ प्रमाणे समज आलेल्या मुलाची पसंती विचारात घेता येते आणि अकराव्या वर्षी ती विचारली जातेच. मोठ्यांचे शब्द लहान तोंडातून आले की ते ओळखू येतात. 'मी जाणार नाही' असे तिच्याकडून वदवून घेतलेले व्हिडिओ तर मुळीच करू नका, आणि तिचे फोटो किंवा तिची कहाणी समाजमाध्यमांवर टाकू नका. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करणे गुन्हा आहे, शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. लोकांची सहानुभूती मिळवायला टाकलेली पोस्ट समितीपुढे तुमच्याच विरुद्ध पुरावा होते.

मुलगी विचारील, "मला जावे लागेल का?" तिला खोटे वचन देऊ नका. 'आम्हाला माहीत नाही, पण तुला काय वाटते ते तू साहेबांना किंवा मॅडमना सांगू शकतेस' एवढे पुरे.

परदेशी सल्ले वाचून अनेक जण मला विचारतात की अमेरिकेत तर फॉस्टर पालकांना हक्क असतात. तिथेही गोष्ट इतकी सरळ नाही. १९९७ च्या संघराज्य कायद्याने सुनावणीची सूचना आणि म्हणणे मांडण्याची संधी दिली, पण तेवढ्याने ते पक्षकार होत नाहीत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये फॉस्टर कुटुंबाला घटनात्मक संरक्षण आहे की नाही हा प्रश्न पुरता न सोडवता न्यू यॉर्कची प्रक्रिया पुरेशी असल्याचे सांगितले. इंग्लंडमध्ये मूल वर्षभर घरात राहिले असेल तर फॉस्टर पालक न्यायालयाची वेगळी परवानगी न घेता, मूल आपल्याकडे राहावे असा अर्ज करू शकतात. आपल्याकडे अशी वर्षांची रेघ कायद्यात नाही. ती असायला हवी, असे माझे मत आहे. चार वर्षे सांभाळणाऱ्याला आणि चार आठवडे सांभाळणाऱ्याला एकाच मापाने मोजण्यात मुलाचे हित नाही.

'मग आम्ही तिला दत्तकच घेतो' असे तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिले आहे. २०२४ च्या आदर्श प्रतिपालन मार्गदर्शक तत्त्वांनी दोन वर्षांच्या प्रतिपालनानंतर दत्तकाचा रस्ता मोकळा केला आहे, आधी ही अट पाच वर्षांची होती. ३५ ते ६० वयाच्या एकट्या व्यक्तींनाही आता प्रतिपालक होता येते. पण त्यासाठी मूल दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त असावे लागते. वडील हयात आहेत आणि मुलगी मागत आहेत, तेव्हा हा रस्ता आज बंद आहे. ताब्याच्या केसमध्ये दत्तकाचा उच्चारही करू नका. वडिलांचे वकील म्हणतील, "बघा, यांना मूल बळकावायचे आहे."

हे उत्तर वाचणाऱ्या बऱ्याच जणांकडे समितीचा आदेश नसेलच, त्यांच्यासाठी दोन परिच्छेद.

बहिणीचे किंवा भावाचे मूल सांभाळणारे मामा, मावशी, आत्या, काका, आजी-आजोबा: तुम्ही कलम ४४ चे प्रतिपालक नाही. बालसंगोपन योजनेचे अनुदान मिळत असले तरी त्याने ताबा सिद्ध होत नाही. पण एका बाबतीत तुम्ही वरच्या ताईंपेक्षा सुस्थितीत आहात. पालक व पाल्य कायद्याच्या कलम ८ प्रमाणे मुलाचा कोणीही नातेवाईक किंवा स्नेही पालक नेमण्यासाठी अर्ज करू शकतो, आणि तुम्ही कोणतेही हमीपत्र दिलेले नाही. आई-वडिलांपैकी कोणी हयात असेल आणि अपात्र नसेल, तर कलम १९ आडवे येते, म्हणजे न्यायालय दुसरा पालक नेमत नाही, एवढे लक्षात ठेवा. दोघेही नसतील तर वाट पाहत बसू नका. शाळा, पासपोर्ट, मुलाच्या नावावरची भरपाईची रक्कम, कशालाही हात लावायला पालकत्वाचा आदेश लागतो. नुसता सांभाळ करणाऱ्याला हिंदू अज्ञान मुलाची मालमत्ता विकण्या-वापरण्याचा अधिकार १९५६ च्या कायद्याने स्पष्ट नाकारला आहे. भांडण उभे राहिल्यावर केलेल्या अर्जापेक्षा शांततेत केलेला अर्ज पाचपट सोपा जातो.

आणि ज्यांनी दवाखान्यातून, ओळखीच्या बाईकडून किंवा गावातल्या मध्यस्थामार्फत बाळ घेतले आहे आणि स्टॅम्प पेपरवर 'स्वखुशीने देत आहोत' असे लिहून नोटरी केली आहे, त्यांनी कोर्टात ताबा टिकेल या भ्रमात राहू नये. त्या कागदाने पालकत्व बदलत नाही. ठरलेल्या प्रक्रियेबाहेर अनाथ, सोडून दिलेले किंवा स्वाधीन केलेले मूल देणे-घेणे बाल न्याय अधिनियमाच्या कलम ८० खाली गुन्हा आहे. पैसे दिले-घेतले असतील तर कलम ८१ खाली पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमाखालचे खरे दत्तकविधान ही वेगळी गोष्ट. तिथे देणारे आई-वडील, घेणारे, वय आणि प्रत्यक्ष देणे-घेणे या अटी पूर्ण व्हाव्या लागतात, आणि पैशाचा व्यवहार तिथेही चालत नाही. असे काही झाले असेल तर कोणत्याही कोर्टात अर्ज करण्याआधी फौजदारी आणि बालहक्क दोन्ही समजणाऱ्या वकिलाला सगळे खरे सांगा. अर्ज आधी आणि सल्ला नंतर, असे केले की बाळ जाते आणि गुन्हाही नोंदतो.

ताई, तुमच्याकडे परत येतो. वडील सक्षम ठरण्याची चिन्हे दिसू लागली तर शेवटपर्यंत 'देणार नाही' असा हट्ट धरण्यापेक्षा परत जाण्याची रीत ठरवून घेण्यावर जोर द्या. शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत मुलगी आहे तिथे राहावी. आधी दिवसभराच्या भेटी, मग रात्रीचा मुक्काम, मग सुट्टी, मग कायमचे, अशा पायऱ्या असाव्यात. तिचे समुपदेशन चालू राहावे आणि वडिलांच्या व्यसनमुक्तीचा पाठपुरावा व्हावा. बाल संरक्षण कक्षाने काही महिने घरी जाऊन अहवाल द्यावा. आणि तुमच्याशी फोन व भेटी चालू राहाव्यात. यातले बरेचसे न्यायालये देतात. तेजस्विनी गौड प्रकरणात ताबा वडिलांना देतानाही नातेवाइकांच्या भेटीची सोय ठेवली होती. या मागण्या लेखी म्हणण्यात 'पर्यायी विनंती' म्हणून पहिल्या दिवशीच लिहा, निकालाच्या तोंडावर नको.

वकिलाच्या खर्चाची चिंता तुम्ही लिहिली आहे. कौटुंबिक न्यायालयात वकील हा हक्क म्हणून नसतो, परवानगी घ्यावी लागते, आणि ती बहुधा मिळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया आणि मुले उत्पन्न न पाहता मोफत विधी साहाय्याला पात्र आहेत, म्हणून अर्ज यजमानांच्या नाही, तुमच्या नावाने द्या. त्याच वेळी मुलीसाठी वेगळा वकील नेमावा अशी विनंती न्यायालयाला करा. तो तुमचा माणूस नसेल, कधी तुमच्या विरुद्धही बोलेल, तरीही ती विनंती तुमच्याच अर्जातून गेलेली असू द्या.